मोजक्या माणसांची बेटं

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पिओंबिनो बंदरातून सुटलेली फेरीबोट तासाभरात एल्बा बेटावरच्या पोर्तोफेर्रायोला लागते. बोटीच्या पोटात मोटारी, मालट्रक आणि मोटारसायकली, वरच्या मजल्यांवर माणसं. उन्हाळ्यात अशा बोटींची ये-जा दिवसभर चालू असते आणि ३० हजारांच्या आसपास वस्ती असलेलं एल्बा कितीतरी पटींनी गजबजून जातं. याच एल्बाच्या दक्षिणेला मोंतेक्रिस्तो आहे. अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीमुळे त्याचं नाव जगभर पोहोचलं, पण तिथे प्रत्यक्ष पोहोचणारे फार थोडे. पूर्वी वर्षाकाठी एक हजार लोकांनाच परवानगी मिळे, अलीकडे ती मर्यादा दोन हजारांवर नेली आहे. आधी नाव नोंदवायचं, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या बोटीने जायचं, वाटाड्यासोबत ठरलेल्या पायवाटेनेच फिरायचं आणि त्याच दिवशी परतायचं. समुद्रात पोहायला मनाई, मुक्कामाला मनाई. एल्बाचा निम्म्याच्या आसपास भूभाग आणि संपूर्ण मोंतेक्रिस्तो ही एकाच राष्ट्रीय उद्यानाची जमीन आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या टस्कन द्वीपसमूह राष्ट्रीय उद्यानात गोर्गोना, काप्राया, एल्बा, पियानोझा, मोंतेक्रिस्तो, जिल्यो आणि जान्नुत्री ही सात बेटं येतात. सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आणि जवळपास ६० हजार हेक्टर समुद्र, असा त्याचा पसारा आहे. एकाच उद्यानात एवढी टोकाची दोन उदाहरणं असल्यामुळे एक प्रश्न इथे नीट तपासता येतो: भूमध्य समुद्रातली बेटं नेमकी कशामुळे राखली जातात? माझं उत्तर असं, की बेटावर किती माणसं जाणार, कोणत्या वाटेने जाणार आणि कुठे उतरणार हे बेटावर पोहोचण्याआधी, मुख्य भूमीवरच्या धक्क्यावर ठरलं पाहिजे. फेरीबोटीतल्या जागा मोजलेल्या असतात, म्हणून हे ठरवता येतं. जिथे ही मोजणी सुटते, तिथे कायद्याच्या कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी निसर्गाला त्याचा उपयोग होत नाही.

या बेटांचं आजचं रूप ज्या इतिहासातून आलं, तो निसर्गप्रेमाचा इतिहास नाही, हे आधी मान्य करायला हवं. ती राखली गेली तुरुंगांमुळे. पियानोझा हे जेमतेम १० चौरस किलोमीटरचं, तळहातासारखं सपाट बेट. रोमन सम्राट ऑगस्टसने आपला नातू आग्रिपा पोस्तुमस याला इथेच हद्दपार केलं होतं, आणि त्याच्या काळातल्या स्नानगृहांचे अवशेष अजून समुद्राकाठी उभे आहेत. १८५८ मध्ये टस्कनीच्या राज्यकर्त्यांनी इथे कैद्यांची शेती-वसाहत उभारली. पुढे क्षयरोगी कैदी इथे ठेवले गेले, १९७०च्या दशकात कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग झाला आणि १९९२ मध्ये जोव्हानी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेलिनो या न्यायाधीशांच्या हत्येनंतर माफियाच्या म्होरक्यांना इथे आणून कोंडण्यात आलं. तुरुंग बंद झाला १९९८ मध्ये. काप्रायावरची कैदी वसाहत १८७३ पासून १९८६ पर्यंत चालली. गोर्गोनावर आजही तुरुंग चालू आहे. तिथले कैदी शेती करतात, द्राक्षाचे मळे राखतात. मोंतेक्रिस्तोची कथा थोडी वेगळी. हे बेट इटलीच्या राजाची खासगी शिकारीची जागा होतं आणि १९७१ मध्ये सरकारी राखीव निसर्गक्षेत्र झालं. सार्डिनियाजवळचं आसिनारा बेटही असंच: शतकाहून अधिक काळ तुरुंग, मग १९९७ पासून राष्ट्रीय उद्यान. स्पेनच्या मायोर्काजवळचं काब्रेरा सैन्याच्या ताब्यात होतं आणि त्याआधी, १८०९ ते १८१४ या काळात, नेपोलियनच्या हजारो पराभूत सैनिकांना तिथे ठेवलं गेलं; त्यातले फार मोठ्या संख्येने उपासमारीने आणि रोगाने मेले. तेच काब्रेरा १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. माणसाला कोंडण्यासाठी किंवा बंदुका चालवण्यासाठी ज्या जागा निवडल्या, तिथे हॉटेलं उभी राहिली नाहीत, धक्के वाढले नाहीत, बांधकामवाले फिरकले नाहीत. त्या दुःखाच्या किमतीवर भूमध्य समुद्राचे काही तुकडे विसाव्या शतकातून सुटले. बेटावर उतरणाऱ्या पाहुण्याला निळ्या पाण्याइतकीच ही गोष्टही सांगितली गेली पाहिजे, असं मला वाटतं.

यावरून कोणी सोपा निष्कर्ष काढू शकेल: माणसाला पूर्ण बाहेर ठेवा, म्हणजे निसर्ग आपोआप सावरेल. मोंतेक्रिस्तोचाच पुरावा याच्या विरुद्ध जातो. या बेटावर यलकुआन शिअरवॉटर नावाचा समुद्रपक्षी घरटी करतो. त्याच्या शेकडो जोड्या दर वर्षी इथे येतात आणि खडकांच्या कपारीत, बिळांत मादी वर्षाला एकच अंडं घालते. जगभरात या पक्ष्याची संख्या घटते आहे, त्यामुळे हे एकेक अंडं मोलाचं. पण बेटावर काळ्या उंदरांचं साम्राज्य होतं. हे उंदीर भूमध्य समुद्रातल्या बेटांवर प्राचीन काळीच जहाजांतून आले. ते अंडी आणि पिल्लं खात होते आणि काही वर्षी तर जवळपास एकही पिल्लू उडेपर्यंत टिकत नव्हतं. म्हणजे राजाने, मग सरकारने, मग उद्यानाने माणसाला दूर ठेवलेलं असताना, आतल्या आत या पक्ष्याची पुढची पिढीच संपत चालली होती. २०१२च्या जानेवारीत हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकून उंदीर संपवण्याची मोहीम झाली. त्यावर इटलीत मोठा वाद झाला, आणि तो होणं रास्तच होतं. अख्ख्या बेटावर विष पसरणं ही हलक्या मनाने करण्याची गोष्ट नव्हे. बेटावरच्या रानटी शेळ्यांपैकी काही त्या काळापुरत्या कुंपणात सुरक्षित ठेवल्या गेल्या. त्यानंतरच्या हंगामांत शिअरवॉटरची बहुतेक पिल्लं जगू लागली. याचा अर्थ मला असा दिसतो: बेट नुसतं बंद करणं ही अर्धीच राखण. उरलेली अर्धी म्हणजे तिथे सतत लक्ष ठेवणारी माणसं, मोजणी, दुरुस्ती. आणि जाणाऱ्या प्रत्येक बोटीवर नजर, कारण एका गाभण उंदरिणीने हे सगळं काम पुन्हा शून्यावर येऊ शकतं. ठराविक धक्क्यावरून सुटणाऱ्या मोजक्या बोटी तपासता येतात. दहा दिशांनी येणाऱ्या शंभर बोटी तपासता येत नाहीत.

समुद्राखाली गेलं, की हा मुद्दा आणखी ठळक होतो. भूमध्य समुद्राच्या उथळ तळावर पॉसिडोनिया नावाची वनस्पती पसरलेली आहे. लोक तिला शेवाळ समजतात, पण ती मुळं, पानं, फुलं, फळं असलेली वनस्पती आहे आणि ती फक्त याच समुद्रात सापडते. स्वच्छ पाण्यात ती ४० मीटर खोलीपर्यंत उगवते. हरळीसारखी तिची आडवी खोडं तळावर सरकतात, पण वर्षाला अवघे काही सेंटिमीटर. जुन्या खोडांचा आणि मुळांचा गाळात मिसळलेला थर शतकानुशतकं साचून काही मीटर जाडीचा होतो आणि त्यात मोठ्या प्रमाणावर कार्बन अडकून राहतो. लहान मासे तिच्या पानांत वाढतात. हिवाळ्यात किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या तिच्या सुक्या पानांचे ढीग लाटांपासून वाळू राखतात. पर्यटकांना घाण वाटतात म्हणून ते उचलून नेले, की पुळणच झिजायला लागते. युरोपीय संघाने १९९२च्या अधिवास-संरक्षण निर्देशात पॉसिडोनियाच्या कुरणांना अग्रक्रमाचा दर्जा दिला. आता या कुरणावर एखाद्या मोठ्या यॉटने नांगर टाकला तर काय होतं? नांगर रुततो, खोडं उपटतो, आणि वारा फिरेल तशी बोटीबरोबर फिरणारी साखळी आजूबाजूचं कुरण खरडून काढते. संध्याकाळी नांगर वर घेताना आणखी एक ओरखडा. वर्षाला काही सेंटिमीटर सरकणाऱ्या वनस्पतीला अशी जखम भरून काढायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

म्हणून फेरीबोट आणि खासगी यॉट यांतला फरक मला निर्णायक वाटतो. फेरीबोट धक्क्याला लागते, माणसं उतरतात, बोट निघून जाते. तिच्या येण्याची जागा एकच आणि ती वर्षानुवर्षं तीच. यॉट मात्र जिथे पाणी सुंदर तिथे थांबते, आणि सुंदर पाणी बहुधा कुरणाच्या वरचंच असतं. काब्रेराने यावर जो मार्ग काढला तो मला सगळ्यात समंजस वाटतो. तिथे यॉटने मुक्कामाला नांगर टाकायचा नाही. तळाशी पक्के बसवलेले ५० बोये आहेत, बोटीच्या लांबीप्रमाणे त्यांचे रंग ठरलेले आहेत, आणि आधी नोंदणी करून मिळालेल्या बोयाला बोट बांधायची. म्हणजे यॉटवाल्यालाही फेरीच्या उतारूसारखीच मोजलेली जागा घ्यावी लागते. २०१९ मध्ये काब्रेरा उद्यानाचं क्षेत्र सुमारे १० हजार हेक्टरांवरून ९० हजार हेक्टरांच्या वर गेलं. आदल्याच वर्षी बालेआरिक बेटांच्या सरकारने पॉसिडोनियावर नांगर टाकण्यास बंदी घालणारा हुकूम काढला होता. टस्कन द्वीपसमूहात पियानोझाने याहून कडक वाट धरली: बेटाभोवतीच्या पाण्यात परवानगीशिवाय बोट नेण्यास आणि मासेमारीला मनाई, बेटावर अनेक वर्षं दिवसाला २५० पाहुण्यांची मर्यादा, पोहायला एकच पुळण, बाकी बेट वाटाड्याबरोबर.

मोजणीच्या बाहेर राहणाऱ्या पाहुण्यांचा सगळ्यात भयंकर पुरावा जिल्योने पाहिला. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया हे पर्यटन-जहाज बेटाच्या अगदी जवळून नेण्यात आलं. किनाऱ्याला ‘मुजरा’ करत जाण्याची अशी एक प्रथाच पडली होती. जहाज खडकावर आदळलं, उलटलं आणि ३२ माणसं मरण पावली. जहाजावर ४,२०० हून अधिक लोक होते, म्हणजे जिल्योच्या साऱ्या रहिवाशांच्या कितीतरी पट. त्यांच्यापैकी कोणी बेटावर उतरणार नव्हतं. त्यांना बेट फक्त बघायचं होतं, आणि बघण्यासाठी कोणालाच मोजत नव्हते. त्या रात्री या छोट्या बेटावरच्या लोकांनी आपली घरं, शाळा आणि चर्च वाचलेल्यांसाठी उघडून दिलं, याची आठवण ठेवायला हवी. जहाज सरळ करायला २०१३चा सप्टेंबर उजाडला आणि ते ओढून जिनोआला न्यायला २०१४चा जुलै. अपघातानंतर काही आठवड्यांतच इटलीने फर्मान काढलं: सागरी आणि किनारी संरक्षित क्षेत्रांच्या दोन सागरी मैलांच्या आत मोठ्या प्रवासी जहाजांनी यायचं नाही. फर्मान योग्यच होतं. पण ३२ माणसं मरण्याआधी ते निघालं असतं, तर त्याची किंमत काय द्यावी लागली असती? काही प्रवाशांना किनाऱ्याचे दिवे थोडे लांबून दिसले असते, एवढीच.

या युक्तिवादावर घेतला जाणारा सगळ्यात वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. समुद्र सर्वांचा, मग मर्यादा घातली की श्रीमंतांना वाट मिळते आणि साध्या माणसाला मिळत नाही, असं लोक म्हणतात. हा धोका खरा आहे. जागा कमी झाल्या की भाव चढतात, आणि भावाने निवड झाली तर उद्यान हा खासगी क्लब होतो. पण उपाय मर्यादा काढणं हा नाही. उपाय म्हणजे जागा पैशाने न वाटता नोंदणीने वाटणं. मोंतेक्रिस्तोच्या जुन्या हजार जागांतल्या बऱ्याच शाळकरी मुलांसाठी राखून ठेवल्या जात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि सध्याची खरी विषमता तर मर्यादा नसलेल्या पाण्यातच आहे: ज्याची स्वतःची यॉट आहे तो हवं तिथे नांगर टाकतो, आणि बाकीचे गर्दीच्या फेरीतून उतरून एकाच पुळणीवर दाटी करतात. फेरीच्या बाकावर शिक्षिका आणि कारखानदार यांच्या वाट्याला सारखीच जागा येते. यॉटलाही तीच शिस्त लागू केली, तर मर्यादा हेच समतेचं साधन ठरेल.

दुसरा आक्षेप रहिवाशांचा, आणि तो अधिक वेदनेचा. बाहेरून आलेलं उद्यान मच्छिमाराला सांगतं, की बापजाद्यांच्या खडकावर जाळं टाकू नकोस. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाल्यावर तिथल्या मच्छिमारांनी हीच भीती बोलून दाखवली होती, त्यामुळे मराठी वाचकाला एल्बाचा राग समजायला अवघड जाणार नाही. १९९०च्या दशकात एल्बावर उद्यानाला कडवा विरोध झाला. या विरोधाला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही; ज्याचं पोट समुद्रावर आहे त्याला हिशेब मागायचा अधिकार आहे. हिशेब मात्र काही ठिकाणी मिळालेला आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पोर-क्रो हे युरोपातल्या सगळ्यात जुन्या सागरी उद्यानांपैकी एक, १९६३चं. तेव्हा तिथे ग्रूपर हा मोठा मासा जवळपास संपला होता, हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. आज तिथल्या पाण्यात तो शेकड्यांनी आहे, आणि त्याला बघण्यासाठी पाणबुडे येतात, त्यांच्यावर दुकानं आणि खानावळी चालतात. शेजारचं पोर्केरोल बेट बांधकामापासून वाचावं म्हणून १९७१ मध्ये सरकारने त्यातला मोठा भाग विकत घेतला. पुढे उन्हाळ्यातली गर्दी एका दिवसात १० हजारांच्या वर जाऊ लागली. २०२१ मध्ये फेरी चालवणाऱ्या कंपन्यांशी बोलून तिथे दिवसाला सहा हजारांची मर्यादा घालण्यात आली. तिथे कुंपण उभारावं लागलं नाही, रखवालदारांची फौज ठेवावी लागली नाही. तिकिटं संपली की संपली. धंदा बुडेल अशी भीती होती, पण मर्यादा फक्त गर्दीच्या टोकाच्या दिवसांना लागू पडते, वर्षातले बाकीचे दिवस मोकळेच असतात. पाहुणे मे-जून आणि सप्टेंबरमध्ये वाटले गेले, तर खानावळवाल्याचा हंगाम लांबतो. तो तुटत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. समुद्र तापतो आहे, मग तिकिटं मोजून काय साधणार? १९९९ आणि २००३च्या उष्ण उन्हाळ्यांत वायव्य भूमध्य समुद्रातले गोर्गोनियन पोवळी मोठ्या प्रमाणावर मेली. २०१६ पासून एका परजीवीमुळे पिन्ना नोबिलिस हा भूमध्याचा सगळ्यात मोठा शिंपला बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला, आणि त्या परजीवीने उद्यानाची हद्द पाहिली नाही. फेरीबोटी स्वतःही डिझेल जाळतात. २०२५च्या मे महिन्यापासून भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर कडक मर्यादा आली तरी धूर थांबलेला नाही. हे सगळं खरं आहे आणि तिकिटाच्या मर्यादेने उष्णतेची लाट थांबत नाही. पण उष्णतेने आधीच दमलेल्या कुरणावर नांगराची जखम आणि सांडपाण्याचा भार पडला, तर ते सावरण्याची आशाच उरत नाही. जी इजा रोमला किंवा ब्रसेल्सला थांबवता येत नाही ती वेगळी, आणि जी धक्क्यावर उद्या सकाळपासून थांबवता येते ती वेगळी. पहिलीकडे बोट दाखवून दुसरी चालू ठेवणं मला प्रामाणिक वाटत नाही.

आता या द्वीपसमूहाच्या नकाशातल्या एका उघड्या जागेकडे यायला हवं. उद्यानाचं सागरी क्षेत्र गोर्गोना, काप्राया, पियानोझा, मोंतेक्रिस्तो आणि जान्नुत्री यांच्याभोवती आहे. एल्बा आणि जिल्यो या सगळ्यात जास्त वस्तीच्या दोन बेटांचा समुद्र त्याच्या बाहेर राहिला. जिथे तुरुंग होता किंवा माणसं फार थोडी होती तिथे समुद्र राखणं सोपं गेलं. जिथे मतदार होते, तिथे राजकारण्यांनी हात आखडता घेतला. परिणाम असा, की सगळ्यात जास्त बोटी, सगळ्यात जास्त नांगर आणि सगळ्यात जास्त पोहणारे ज्या पाण्यात, त्याच पाण्याला सागरी उद्यानाचं संरक्षण नाही. कॉन्कॉर्डिया ज्या खडकाला धडकली तोही अशाच, सागरी उद्यानाबाहेरच्या पाण्यातला. एल्बाला मोंतेक्रिस्तोसारखं बंद करा, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तिथे शाळा आहेत, दवाखाने आहेत, म्हातारी माणसं आहेत, त्यांची बोट रोज यायलाच हवी. पण एल्बाच्या पॉसिडोनियावर बोये बसवता येतील, मोठ्या यॉटना कुरणापासून दूर थांबवता येईल, आणि ऑगस्टमधल्या सगळ्यात दाटीच्या दिवसांत बाहेरून येणाऱ्या मोटारींना फेरीवर मर्यादा घालता येईल. फेरीच्या तिकिटातच बेटावर उतरण्याचं छोटं शुल्क आजही घेतलं जातं. त्यातला ठरलेला भाग बोये आणि देखरेखीसाठी बांधून ठेवला, आणि बोये कुठे पडावेत हे ठरवायला एल्बाच्या मच्छिमारांनाच आधी बसवलं, तर हा बदल पिओंबिनोच्या तिकीट खिडकीवरून सुरू होऊ शकतो.